काळ्या गाडीला माझंच फडकं

गाडी धुणं म्हणजे बादलीभर पाणी ओतणं, असं ज्याला वाटतं त्यानं गाडीजवळ येऊच नये. कुरुंद्यात मी हे किती जणांना सुनावलं असेल, सांगता येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण हळदीच्या व्यापाऱ्याकडं मी वीसेक वर्षं गाडी चालवली. त्या वीस वर्षांत गाडीच्या रंगावर ओरखडा आला असेल तर तो माझ्या हातानं नाही. एकदा सोडून. ते पुढं सांगतो.

आधी नुसतं पाणी मारायचं, टपापासून खाली. धूळ आपोआप सुटली पाहिजे. धूळ अंगावर असताना फडकं फिरवलं की तीच धूळ रंगाला घासत जाते. टपाचं फडकं वेगळं, चाकाचं वेगळं. फडकं जुन्या धोतराचं, दहादा धुतलेलं. कपडे धुवायची पावडर कधीच नाही. गाडी उन्हात उभी करून धुवायची नाही, आमच्या विहिरीचं पाणी जड, वाळलं की पांढरे ठिपके उठतात. आणि हळदीचे दिवस आले की मालकाच्या आवारात हळद घोळायचा ड्रम दिवसभर फिरायचा. ती पिवळी भुकटी गाडीवर बसायची आणि दव पडलं की रंगात शिरायची. म्हणून त्या दिवसांत मी सूर्य उगवायच्या आत हजर.

हे सगळं मला कोणी शिकवलं नाही. बघून बघून आलं.

मालकानं जीप विकून पहिली पांढरी गाडी घेतली ते नव्वदच्या पुढचं साल. एका गड्यानं तिच्या बॉनेटवरची धूळ कोरड्या पोत्यानं झटकली. मी भर आवारात ओरडलो, "ह्या गाडीला माझ्याबिगर कुणाचं फडकं लागलं, तर त्या दिवशी मी काम सोडलं म्हणून समजा!"

मालक ओट्यावर बसले होते. माझ्याहून लहान माणूस, पण मालक. हसून म्हणाले, "बराबर. ऐकलं का रे सगळ्यांनी? काकाबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

मला केवढा मान वाटला! त्या दिवशी मी स्वतःलाच दावं बांधून घेतलं, हे कळायला पुढं बरीच वर्षं गेली.

आमच्या वस्तीतून दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी नागपूरला गाडी निघायची, दीक्षाभूमीला. आधी ट्रक असायचा, पुढं बस. सगळे पांढरे कपडे घालून निघायचे. माझी बायको बायकांसोबत बऱ्याचदा जाऊन आली. मी एकदाही नाही. कारण दसऱ्याला मालकाच्या घरी गाडीची पूजा. गाडी आरशासारखी दारात पाहिजे, आणि संध्याकाळी सोनं वाटायला सगळं घर गाडीत घालून फिरवायचं. बदली माणूस मागायला तोंड नव्हतं. ते तोंड मीच बंद करून ठेवलेलं.

बायको दरवर्षी विचारायची, "आवो, यंदा?"

"गाडी कोण धुईल?"

"गाडीशीच लगीन लावायचं होतं मंग."

असं म्हणून ती पिशवी भरायची.

पुढं मालकानं काळी गाडी घेतली. काळ्या रंगावर सगळं दिसतं. बोट टेकलं तरी दिसतं. नांदेडला एक दुकान निघालं होतं, तिथं गाडी मशीननं घासून तिच्यावर कोटिंग, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, चढवायचे. दसऱ्याच्या पाच दिवस आधी मी गाडी तिकडं घेऊन गेलो. दुकानवाल्यानं दिवसभर काम केलं. वाईट नव्हतं, हे मी कबूल करतो. बॉनेटमध्ये माझ्या मिशीचे केस मोजता आले असते.

चावी देताना तो म्हणाला, "चाचा, कोटिंग अभी कच्ची है, सात दिन पानी नहीं, कपडा नहीं. कुछ गिर गया तो हाथ मत लगाना, सीधा मेरे पास लाना."

मी रस्ताभर मनात हिशोब करत आलो. सात दिवस पाणी नाही. म्हणजे दसऱ्याला धुणं नाही. म्हणजे माझं काम नाही! घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिनं हातातलं भाजीचं पातेलं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मालकाकडं गेलो. "मालक, औंदा धुवायची न्हाई गाडी. दोन दिवस नागपूरला जाऊन येतो."

"जाऊन कसं येता काका? घर पाव्हण्यांनी भरून राहिलं. लेकरं हात लावतील, आक्का कुंकू लावायला येईल. कोण अडवंल? तुमीच अडवू शकता. तुमाला सगळे भितात."

झालं. धुवायचं नव्हतं तर राखायचं होतं. बस गेली, बायको गेली, आणि दसऱ्याच्या दिवशी मी शेडमध्ये खुर्ची टाकून त्या काळ्या गाडीसमोर बसलो. लेकरांना हाकललं. पाव्हण्यांना हाकललं. एक बकरी हाकलली.

मग आक्का आल्या, मालकाची आई. हातात ताट, ताटात हळदकुंकू, झेंडू, नारळ.

"आक्का, यंदा रंगाला लावू नका. काचंवर लावा."

"काच म्हंजी गाडी व्हय रे? तुझ्या कपाळाचं कुंकू चष्म्याला लावते का तुझी बायको?"

"दुकानवाल्यानं सांगितलं..."

"दुकानवाला आमच्या घरात कवाधरनं आला? सरक!"

आक्कांचा हात मी कसा धरणार? त्यांनी कुंकू पाण्यात कालवलं आणि बॉनेटवर बोटानं चांगलं वीतभर स्वस्तिक काढलं. नारळ फोडायला दगड आणते म्हणून मागं गेल्या.

मी एकटा उरलो. कुंकवाचा एक ओघळ खाली सरकत होता. दुकानवाल्याचे शब्द मला पाठ होते. हात लावू नको. पण वीस वर्षं ज्या हातानं रंगावर डाग टिकू दिला नाही, तो हात खिशात राहीना. मी फडकं ओलं केलं आणि पुसलं. लाल पसरलं. अजून पुसलं. हातभर जागा धुरकट झाली, जशी काचेवर वाफ धरावी, पण वाफ निघते, ती निघेना.

आक्का दगड घेऊन परत आल्या. "पुसलं?" एवढंच म्हणाल्या आणि दगड खाली ठेवला. ते मला मालकाच्या रागापेक्षा जास्त लागलं.

मालक म्हणाले, "सगळ्यांना लांब ठेवायला तुमाला बसवलं आन् तुमीच फडकं मारलं, काका?"

नांदेडच्या दुकानवाल्यानं पुन्हा मशीन फिरवलं, पुन्हा कोटिंग केलं, आणि माझ्यासमोर मालकाला म्हणाला, आता धुलाई इथंच करा, पंधरा दिवसाला. मालक माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमी आता फक्त चालवा. सुटलात तुमी त्या कटकटीतून."

बायकोला सांगितलं तर ती खूश. "म्हंजी पुढच्या दसऱ्याला येता?"

"येतो."

"बघा हं. मी तुमचं नाव पहिलं लिहायला सांगते."

मी हो म्हणालो, आणि खरंच जाणार होतो.

पण वर्षभर दर पंधरा दिवसाला नांदेडला गाडी न्यायची आणि बाकावर बसून दुसऱ्याचे हात बघायचे. कोटिंगवाला स्वतः धूत नव्हता, त्यानं दोन गडी ठेवलेले. एकच बादली. स्पंज खाली फरशीवर पडायचा, तसाच उचलून दारावर. चाकाचं फडकं बॉनेटवर. मी बोललो की ते म्हणायचे, "चाचा, चाय पिओ." दसऱ्याच्या चार दिवस आधी दुपारी आवारात मी बॉनेटकडं तिरकं पाहिलं. उन्हात बारीक बारीक गोल रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या.

मी मालकाला हाताला धरून बाहेर आणलं. "बघा. इथून बघा, उन्हात."

मालक वाकले. "व्हय की हो."

"माझ्या हातची होती तवा होत्या का रेघा?"

"न्हाई." मग हसले. "पण तुमाला दिली, तर दसऱ्याचं काय? पुन्हा तुमी नागपूर म्हणसाल."

तिथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. नाहीतर दसरा झाल्यावर घेतो म्हणायचं, चार दिवसांचाच तर प्रश्न होता. पण मालकाच्या तोंडून 'न्हाई' ऐकून माझी छाती एवढी फुगली होती की आत दुसरं काही मावेना.

"दसरा असो का दिवाळी," मी म्हणालो, "ह्या गाडीला माझंच फडकं लागंल."

घरी सांगायला मला तीन दिवस लागले. निघायच्या सकाळीच सांगितलं. पिशवी भरलेली होती, सर्वात वर माझा पांढरा सदरा, इस्त्री केलेला. तिनं सदरा बाहेर काढला, बाजेवर नीट ठेवला, पिशवीची गाठ मारली आणि बसकडं गेली.

मी बादली उचलली आणि मालकाच्या आवाराकडं निघालो.