थाळीत उरलेला तुकडा

ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाल्यावर मी एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका लहान मिशन दवाखान्यात रक्ततपासणीचे काम धरले. ऐंशीच्या दशकातले ते दिवस. एम.एस्सी.ला प्रवेश मिळेपर्यंतचा मुक्काम, याहून अधिक महत्त्व मी त्या जागेला दिले नव्हते.

दवाखान्याचा स्वयंपाक एक विधवा मावशी करीत. त्यांची अकरा वर्षांची मुलगी शाळा सुटली की माझ्या सूक्ष्मदर्शकाजवळच्या खिडकीशी उभी राही. "बाई, आतमंधी काय दिसून राह्यलं? मले बी दाखव न." मी कधी दाखवी, बहुधा हाकलून देई.

पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला आणि तिच्या रक्ताची काचपट्टी माझ्यासमोर आली. सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणारा गोल भाग म्हणजे एक फील्ड. अशी शंभर फील्ड पाहिल्याशिवाय 'जंतू नाहीत' असे लिहायचे नाही, हा नियम मला पाठ होता. परंतु त्या दुपारच्या बसने टपालाची थैली जाणार होती आणि माझा प्रवेशअर्ज अर्धाच भरलेला होता. चाळीस फील्ड पाहून मी थांबले. 'मलेरियाचे जंतू आढळले नाहीत,' असे लिहून सही केली. अर्ज वेळेवर गेला.

तापाच्या नेहमीच्या गोळ्या तिला मिळाल्या. मलेरियावरचे क्विनाइन मात्र, माझा कागद पाहून, लावले गेले नाही. तिसऱ्या दिवशी तिला झटके आले. तेव्हा घेतलेल्या दुसऱ्या काचपट्टीत जंतूच जंतू होते. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली.

डॉक्टरांनी माझी समजूत घातली. "पहिल्या वेळी कधीकधी सापडत नाहीत. शास्त्रालाही मर्यादा असते." सगळे निघून गेल्यावर मी खोक्यातून पहिली काचपट्टी काढली आणि पुन्हा मोजत गेले. बावन्नाव्या फील्डमध्ये जंतूचे अंगठीसारखे एक कडे दिसले. पुढे आणखी तीन. मर्यादा होती ती चाळीसवर मीच घातलेली.

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे; येशूच्या स्मरणार्थ एकेकाने पुढे जाऊन भाकरीचा तुकडा घ्यायचा. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तयारीची सभा. पाळकसाहेब सर्वांना स्वतःची पारख करायला सांगत. मग ज्याचे ज्याच्याशी काही असेल ते दोघे बाहेर मोहाच्या झाडाखाली जाऊन बोलत आणि मिळूनच आत येत. ज्याला ते जमत नसे, तो रविवारी जागेवर बसून राही. भाकरीऐवजी चपाती असे, आणि ती मावशींच्या हातची. मंडळीत जितकी माणसे तितकेच तुकडे त्या मोजून करीत.

मी आत्मपरीक्षणाची वही ठेवीत असे. मुलगी गेल्यानंतरच्या पहिल्या तयारीच्या शनिवारी मी तिच्यात लिहिले: अधीरता, गर्व. नीटनेटके शब्द होते ते. पाप असे सामान्य नामांत लिहिले की ते कोणाचेच राहत नाही, हे मला लिहिताना कळत होते. काचपट्टीचा उल्लेख मी केला नाही. मात्र रविवारी उठून पुढेही जाता आले नाही. तीन महिने मी बसून राहिले आणि तीन वेळा थाळीत एक तुकडा उरला. मागच्या चटईवरून एक आजी ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "शिकलेली पोरगी हाय. तिले आपली चपाती कुठी गोड लागते?"

चौथ्या महिन्यातल्या तयारीच्या शनिवारी मावशी स्वतःच माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. आम्ही झाडाखाली गेलो.

"माह्या मनात तुह्याविषयी राग हाय," त्या म्हणाल्या. "मी स्वयंपाकीण, म्हणून माह्या हातचं तुले चालत नाई. काऊन असं करतं? माही पोरगी त तुह्या खिडकीपासून हलत नव्हती."

त्या रागाबद्दल त्या माझ्याकडेच क्षमा मागायला आल्या होत्या. मी सगळे सांगितले: चाळीस, शंभर, अर्ज, बस.

"पाह्यलं असतं तं वाचली असती?"

"नक्की सांगता येत नाही, मावशी."

"तू शिकलेली हायस. सांग."

"बहुतेक वाचली असती."

मावशी वळल्या आणि सभेत न जाता थेट घरी गेल्या. मी आत एकटी परतले.

रविवारी त्या आल्या. चपातीची थाळी झाकून मेजावर ठेवली आणि सर्वांत मागे जाऊन बसल्या. मागे जाताना माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "माह्यानं होत नाई अजून. तू जाय. दोघीबी बसल्या तं तो तुकडा कोणासाठी केला मी?"

मी गेले. चपातीची एक कड नेहमीसारखी करपलेली होती. ज्यांची मी क्षमा मागायला हवी होती, त्यांच्याच हाताने केलेले ते अन्न मी खाल्ले. कृपा म्हणजे ओझे उतरणे, असे मी लहानपणापासून ऐकत आले होते. मला ते तसे जाणवले नाही.

सगळे जागेवर बसल्यावर पाळकसाहेबांनी थाळी झाकायला कापड उचलले. मोजण्याची सवय मला, मी पाहिलेच. थाळीत एक तुकडा उरला होता. चपाती मोडताना मावशींनी मोजणीत स्वतःलाही धरले होते.