चन्नम्माचं विरजण

गल्लीत कुणाचं दही फसलं की वाटी घेऊन सगळे चन्नम्माच्या दारात. तिचं विरजण संकेश्वरचं, माहेरचं. लग्न होऊन कोल्हापुरात आली तेव्हा आईनं पितळेच्या डबीत घालून दिलं होतं आणि तेव्हापासून ते एकदाही तुटलं नव्हतं. दही असं लागायचं की पळी उभी राहावी. देताना तिचा हात सैल होता. अट एकच, दिवे लागले की विरजण घराबाहेर जाणार नाही. त्याच्याबरोबर लक्ष्मी जाते, असं तिची आई सांगायची.

एकदा शेजारची चिमणाबाई ऐन तिन्हीसांजेला वाटी घेऊन आली. घरात कागलचे पाहुणे उतरले होते.

"सकाळी ये," चन्नम्मा म्हणाली. "तुझ्या पावण्यांपायी माझी लक्ष्मी घालवू व्हय?"

चिमणाबाईनं हे वाक्य मान वेळावून, कानडी हेल काढून गल्लीभर करून दाखवलं. चन्नम्मासमोरही दाखवलं. चन्नम्मा हसली, पण वाटी काही भरली नाही.

तिचे यजमान रुद्राप्पा शाहूपुरीत एका अडत दुकानात गुळाच्या काट्यावर होते. माणूस मितभाषी. सकाळी कपाळाला विभूती लावून, लिंगपूजा उरकून पाटावर बसायचे आणि तांब्याभर आंबील प्यायचे. नाचणीचं पीठ रात्री ताकात भिजवून ठेवायचं, सकाळी लसूण-जिरं घालून शिजवायचं. पहिला घोट घेतला की ते म्हणायचे, "मीठ कमी हाय." मीठ कितीही घातलं तरी हेच. चन्नम्माला त्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

छप्पन साली त्यांच्या पोटात गाठ निघाली. कॅन्सर. मिरजेला ऑपरेशन झालं, बरीचशी गाठ काढली. परत आल्यावर जखमेत पू झाला म्हणून दत्तोपंत डॉक्टरांनी त्यांना आपल्या दवाखान्यातच ठेवून घेतलं. हाताच्या शिरेत सलाइनची सुई आणि दिवसाकाठी मूठभर पिवळ्या कॅप्सुला. पू आटला, पण ताप हटेना. थंडी वाजून यायची, घामानं उशी भिजायची. जिभेवर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर चढला. डॉक्टरांनी रक्त तपासायला मिरजेला पाठवलं.

निकाल आला तेव्हा चन्नम्मा व्हरांड्यात बसली होती.

"काकू, त्यांच्या रक्तात बुरशी निघालीय," डॉक्टर म्हणाले.

"भाकरीवर येती ती?"

"तसलीच एक जात. पीठ कशानं आंबतं, फुगतं? तसली. डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक." एवढ्यात आतून कंपाउंडरनं हाक मारली आणि डॉक्टर उठून गेले.

चन्नम्मा तिथंच बसून राहिली. पदराखाली झाकलेली कासंडी मांडीला चटके देत होती. तिच्यात आंबील होती. डॉक्टरांनी दूध आणि साबूदाण्याची पेज सांगितली होती. रुद्राप्पा दूध बघितलं की भिंतीकडं तोंड करायचे. म्हणून ती रोज लपवून आंबील आणायची आणि ते चार चमचे तरी घ्यायचे. चार चमचे पोटात गेले म्हणून ती रोज समाधानानं घरी जायची.

त्या दिवशी तिनं कासंडी तशीच परत नेली. आंबील मोरीत ओतली. दोश्याचं भिजवलेलं पीठ ओतलं. पिठाचं मडकं परड्यात नेऊन फोडलं. शेवटी फडताळातून विरजणाची वाटी काढली, तिच्याकडं थोडा वेळ बघितलं आणि तीही ओतली. मग राखेनं भांडी घासली, उकळतं पाणी घातलं, परत घासली. हातांचा वास घेऊन बघितला. वास जात नव्हता, की तिला तसं वाटत होतं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पलीकडची पोरगी वाटी घेऊन आली.

"संपलं," चन्नम्मा म्हणाली.

हा शब्द त्या दारात पहिल्यांदाच ऐकू आला. पोरीनं जाऊन घरी सांगितलं, आणि दुपारपर्यंत गल्लीला कळलं.

दवाखान्यात ती आता खाटेपासून लांब बसू लागली. पेज नर्सबाईच्या हातात द्यायची.

"आंबील?" रुद्राप्पांनी विचारलं.

"न्हाय."

"रागावलीयास?"

तिनं नकाराची मान हलवली. आपल्या हातानंच ह्यांच्या रक्तात विष घातलं, हे त्यांनाच कोणत्या तोंडानं सांगायचं? ते पेजही घेईनात.

अखेर डॉक्टरांनीच तिला बोलावलं. "कॅप्सुला मी बंद केल्यात, सुईही काढलीय. तोंडाला जांभळं औषध लावतोय, पण ते तोंडापुरतंच. रक्तातल्या बुरशीवर माझ्याकडं औषध नाही, खोटं कशाला सांगू? त्यांच्या अंगानंच आता झगडायला हवं आणि त्यासाठी पोटात काही गेलं पाहिजे. ते म्हणतात, आंबील आणा. कसली आंबील?"

चन्नम्मानं सगळं सांगितलं. सांगताना ती डॉक्टरांच्या वहाणांकडं बघत होती.

दत्तोपंत खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "काकू, ती बुरशी तुमच्या भांड्यातली नव्हे. ती तुमच्या तोंडात आहे, माझ्या पोटात आहे. एरवी गुमान पडून असते. कॅन्सरनं त्यांच्या अंगातली राखण ढिली केली. तिला दाबून ठेवणारे दुसरे जंतू माझ्या कॅप्सुलांनी मेले. त्या द्याव्याच लागल्या, नाहीतर पू आवरला नसता. मग तिला वाट मिळाली, कदाचित माझ्या सुईवाटेच. आणि तुमची आंबील तर उकळते ना?"

"रटरटा."

"मग तिच्यात काय जिवंत राहणार? आणा. पातळ करा. आणि पदराखालून नको."

ती घरी पोचली तेव्हा घरोघर दिवे लागत होते. दूध होतं, नाचणीचं पीठ होतं. विरजण नव्हतं. उद्या सकाळी मागितलं तर आंबील आणखी एका दिवसानं लांबणार, आणि रुद्राप्पांकडं किती दिवस आहेत हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ती रिकामी वाटी घेऊन दुसऱ्याच्या दारात गेली.

चिमणाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं वाटीकडं बघितलं, मग दिव्याकडं बघितलं.

"विरजण पायजे," चन्नम्मा म्हणाली. "दिवे लागल्यात, ठावं हाय मला. तू नको म्हटलीस तर मी काय बोलणार न्हाय."

"नकोच म्हणणार की. माझी लक्षुमी घालवू व्हय?" चिमणाबाईनं मान वेळावून तोच जुना हेल काढला. मग पिठाचे हात झटकून उठली, शिंक्यावरचं गाडगं उतरवलं आणि वाटी काठोकाठ भरली. "धर. मी कुठं देतोय? गेल्या पंचमीला तुझ्याकडनंच आणलंतं. तुझं हाय, तू ने. आपलं आपण न्यायला दिवा आडवा येतो व्हय गं, येडे?"

चन्नम्मानं वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"रडतीस कशाला? दह्यात पाणी हुतंय. जा आता, दूध कोमट हाय तवर लाव."

एक रात्र दही लागायला गेली, एक पीठ भिजायला. तेवढ्यात ताप थोडा उतरला. डॉक्टर म्हणाले, "आज बरं आहे, उद्याचं सांगत नाही. आणि पोटातला मूळ आजार आहे तो आहेच." चन्नम्मानं ऐकून घेतलं, कासंडी उघडी हातात धरून आत गेली आणि खाटेला टेकून बसली. चमचा तिनं स्वतःच धरला.

रुद्राप्पांनी पहिला घोट जिभेवर घोळवला. गिळायला वेळ लागला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

"उद्या घालतो जास्त," चन्नम्मा म्हणाली. "आ करा."