घराला इंजिन कशाला पायजे?

लॉरीच्या शेडमध्ये एक डबा असतोच. कुठल्या गाडीचे ते कुणाला ठाऊक नसतं, पण टाकवत नाहीत म्हणून नट-बोल्ट त्यात साठत जातात. माझ्या डोक्यातही तसाच एक डबा आहे. गोव्याच्या सीमेजवळच्या कुंभारवाड्याच्या शेडमध्ये मी सुट्या भागांची खोली सांभाळायचो, तेव्हाच्या गोष्टी त्यात पडून आहेत. एकीचा आटा दुसरीला लागत नाही! खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या मला तेव्हाही कळल्या नव्हत्या आणि आजही कळलेल्या नाहीत. पण परशाच्या घरगाडीचं इंजिन बदललं, तेव्हाच्या गोष्टी मात्र डबा न हलवताच वर येतात.

गोव्यात अजून पोर्तुगीज होते, तेव्हाची ही गोष्ट. आमची शेड एका लाकडाच्या ठेकेदाराची. जंगलातून सागाचे ओंडके आणणाऱ्या लॉऱ्या तिथं येऊन मोडायच्या आणि बाबू मेस्त्री त्या दुरुस्त करायचा. बाबू बेळगावहून आलेला, इंजिनाशिवाय दुसऱ्या कशालाही न मानणारा. लॉरीची फळकुटं बसवायला होता च्यारी, म्हणजे सुतार, गोव्याकडचा. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. आणि परशा आमचा ड्रायव्हर. लॉरीतच जेवायचा, लॉरीतच झोपायचा.

शेडच्या कोपऱ्यात घरगाडी पडून होती. जंगलाची मोजणी करणारा कुणी साहेब जाताना ती टाकून गेला होता. लॉरीच्या सांगाड्यावर लाकडाचं अख्खं घर! दोन बिछाने, खिडक्यांना पडदे, स्वयंपाकाचा ओटा, कपाटं, आणि मागच्या बाजूला पायरीसकट दार. इंजिन फुटलेलं. बॉनेटखाली कोंबडी अंडी घालायची. ठेकेदारानं ती परशाला देऊन टाकली. "ने बाबा, जागा तरी मोकळी कर!"

*

ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या दुळबा नानांची शेवंती परशाच्या मनात भरली होती. शेवंतीच्याही मनात परशा होता, हे वाडीतल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. परशा बिचकत नानांकडे गेला. बरोबर मी.

नाना म्हणाले, "पोरगा ब्येस हाय. पर ऱ्हातोस कुठं?"

"लॉरीत."

"मग पोरगी काय ओंडक्यावर बसवणार?"

शेवंती एकुलती एक, आईवेगळी. मी मधे पडलो आणि म्हणालो, "नाना, तुमच्या घरात जागा हाय की. ऱ्हाईल परशा हितंच."

नाना असे भडकले की मी दोन पावलं मागं सरलो. "घरजावई? मला? पोरगी दिली की दिली! मागं वळून बघायचं न्हाई!"

मग परशानं त्यांना घरगाडी दाखवायला आणलं. नानांनी बिछाना दाबून बघितला, पडदा सरकवला, कपाट उघडलं आणि मान डोलावली. मग पुढं येऊन बॉनेट उचललं. कोंबडी ओरडत बाहेर पडली.

"ह्ये काय?"

"इंजिन, नाना. घर चालायला."

"मग चालतंय का?"

"न्हाई."

नाना विचारात पडले. "बसक्या घरात पोरगी दिली असती. पर चालायसाठी बांधल्यालं घर चालत न्हाई, म्हंजी घरात दोष हाय. चालवत माझ्या अंगणात आणून दाखव. तुळशीच्या लग्नानंतर खानापूरचं पाव्हणं शेवंतीला बघायला यायचं हायत, त्यांचं कौलारू घर हाय. त्येच्या आत आणलास तर पोरगी तुझी."

परशाच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं की भीतीचं, ते मला कळलं नाही. बहुतेक त्यालाही कळलं नसावं.

*

इंजिन उचलायला ओंडकेवाले गडी लागणार होते. ते म्हणाले, "देवाला विचारल्याबिगर घराला हात लावत न्हाई." झालं! गुरवाला बोलावलं. गुरवानं गाडीभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली आणि विचारलं, "ह्ये घर म्हणायचं का गाडी?"

"गाडी!" बाबू मेस्त्री ओरडला.

"घर!" च्यारी ओरडला.

गुरव शहाणा माणूस. त्यानं गाडीची पूजा म्हणून चाकांखाली लिंबं ठेवली आणि घराची पूजा म्हणून एक नारळ मांडला. पण घराचा मध्य कुठला? पुष्कळ बघून त्यानं तो नारळ नेमका इंजिनावर ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि सांगितलं, "काम पुरं होईस्तवर नारळ हालवायचा न्हाई."

"अरे, पण इंजिनच काढायचंय!" मेस्त्री म्हणाला.

"काढा की. नारळ हालवू नका म्हंजी झालं."

शेवटी नारळ सुतळीनं इंजिनाला बांधला आणि दोघांना एकत्रच काढायचं ठरलं. मेस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला, "लष्कराच्या वर्कशॉपात हयात गेली, पण शेंडी असलेलं इंजिन पहिल्यांदाच बघतोय!"

*

शेडबाहेर एक दांडगा फणस होता. त्याच्या फांदीला चेन अडकवून इंजिन उचलायचं ठरलं. गाडी ढकलत फणसाखाली आणली, तर च्यारी आडवा आला. "घराचें दार दक्षिणेक? शिव शिव! पूर्वेक करा!"

दार मागं असल्यानं सगळी गाडीच फिरवावी लागली. मेस्त्री शिव्या घालत होता. फिरवून झाल्यावर नाक फणसाखाली आलं आणि दार पूर्वेकडे गेलं. पूर्वेकडे उतार होता आणि उताराखाली नानांचं शेत. भात कापून झालं होतं, हे नशीब.

चेन ओढली. इंजिन नारळासकट वर आलं. सगळे "हरहर महादेव!" म्हणाले. आता ओंडकेवाल्यांची एक रीत असते. ओंडका चेनवर उचलला की खालची बैलगाडी काढायची, म्हणून चाकांचे दगड आधी बाजूला करायचे. जन्मभराची सवय! इंजिन लोंबकळायला लागल्याबरोबर त्यांच्यातल्या दोघांनी वाकून घरगाडीचे दगड काढले.

घरगाडी मागं निघाली. आधी हळूच, सासरी निघाल्यासारखी, मग जोरात. पडदे उडत होते. दार उघडमीट करत घर उतारावरून गेलं आणि शेतात मागच्या चाकांवर रुतून बसलं. इंजिन फणसाला, घर चिखलात! परशा त्या दोघांच्या मधोमध उभा. कुणाकडे धावावं हे त्याला समजेना.

नाना नेमके बांधावर उभे होते. ते जवळ आले, गाडीकडे बघितलं, वर लटकलेल्या इंजिनाकडे बघितलं.

"चाललं की रं!"

"इंजिनाबिगर चाललं, नाना," परशा रडवेला होऊन म्हणाला.

"मग घराला इंजिन कशाला पायजे?"

*

बैल जुंपून घर शेडमध्ये परत ओढून आणलं. दुसरं इंजिन एका मोडीतल्या लॉरीचं मिळालं. ते लांबीला जास्त. ते बसवलं तर निम्मं स्वयंपाकघरात आलं आणि गिअरचा दांडा बरोबर मसाल्याच्या कपाटात! मेस्त्री म्हणाला, कपाट तोडा. च्यारी म्हणाला, कपाटाला हात लावलास तर बघ. परशाच्या बायकोनं मसाला कुठं ठेवायचा? शेवटी च्यारीनं दांड्याभोवती सुबक फळ्या मारल्या आणि छोटं दार केलं. गिअर बदलायचा तर कपाट उघडायचं! डावीकडे हळद-मिठाच्या डब्यांची फळी, उजवीकडे गिअर.

इंजिनावर त्यानं असा ओटा बांधला की एक खिळा दिसेल तर शपथ. मेस्त्रीनंसुद्धा त्यावरून एकदा हात फिरवला. मग हँडल घेऊन गाडी सुरू करायला पुढं गेला आणि तिथूनच बोंबलला, "च्यारी! हँडलचं भोक कुठाय?"

"बुजवलें," च्यारी शांतपणे म्हणाला. "घराक भोक कित्याक? सोरोप येता."

साप येतो म्हणून! मेस्त्री तिथंच खाली बसला. आता गंमत सांगतो, भोक पुन्हा पाडलं तर आत धामण निघाली. ती आधीपासून होती की कोंडली गेली होती, यावर पुढं दोघांचं बरेच दिवस भांडण चाललं.

*

चिखलात मागच्या चाकांचा आस जायबंदी झाला होता. मेस्त्रीनं तो सोडवून दुरुस्त केला आणि बसवायच्या आत त्याला थंडीतापानं धरलं. घोंगडी घेऊन पडला. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, खानापूरचे पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी येणार! परशा शेडमध्ये नुसता इकडून तिकडे फिरत होता. जेवलासुद्धा नाही. शेवंतीनं ओढ्यावर त्याला गाठून विचारलं होतं, "येनार न्हवं घर?" आणि तो तसाच शेडकडे परतला होता. मला त्याच्याकडे बघवेना.

च्यारी म्हणाला, "आस बसोवप म्हळ्यार कितें व्हडलें?" आस बसवणं ते काय मोठंसं! तो आणि ओंडकेवाले कामाला लागले. आता ही मंडळी बैलगाडीची. बैलगाडीचा आस खालच्या अंगानं झिजला की पालथा घालायचा, म्हणजे आणखी काही वर्षं जातो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. आस बघितला तर खालून घासलेला. मग त्यांनी तो प्रेमानं पालथा घातला. खालचं वर, डावं उजवीकडे. बसेना तिथं च्यारीनं लाकडाच्या पाचरी मारल्या. मीही हातभार लावला आणि सगळे समाधानानं चहा प्यायलो.

सकाळी परशानं इंजिन सुरू केलं. काय आवाज होता! त्यानं कपाट उघडलं, पहिला गिअर टाकला, आणि गाडी मागं गेली.

दुसरा टाकला. आणखी जोरात मागं! तिसरा टाकला तेव्हा आम्ही सगळे बाजूला पळालो.

मेस्त्री घोंगडीसकट बाहेर आला, वाकून खाली बघितलं आणि कण्हला, "आस उलटा घातलाय रे! आता सगळे गिअर मागं. मागचा गिअर टाक, तो पुढं नेईल!"

परशानं कपाटात हात घातला. मागच्या गिअरच्या जागी च्यारीची हळद-मिठाची फळी होती, पक्की, बिनखिळ्याची.

"फोडा फळी! आस काढा!" मेस्त्री म्हणाला.

पण ओढ्यापलीकडच्या वाटेवर पांढरे फेटे दिसायला लागले होते. परशानं एकदा फेट्यांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "सदूभाऊ," तो म्हणाला, "मागं तर मागं!"

आणि घरगाडी उलटी निघाली. परशा खिडकीतून मान वळवून चालवत होता. च्यारी मागच्या दारात पायरीवर बसून बैल हाकल्यासारखा हात करत होता, "दावें! दावें! आरे पुता, म्हस आसा!" त्याचं 'दावें' म्हणजे डावीकडे, आणि वाटेत म्हैस. मी शेजारून पळत होतो. ओढ्यात गाडी घरघरली, मला वाटलं संपलं. पण ती पाणी उडवत निघाली. वाडीतली माणसं आधी पळाली आणि मग मागोमाग आली.

खानापूरचे पाहुणे नानांच्या सोप्यावर टेकले होते. त्यांच्यासमोर घरगाडी अंगणात शिरली, मागं मागं येत नेमकी नानांच्या उंबऱ्यासमोर थांबली. दारासमोर दार! च्यारी उठला आणि त्यानं अदबीनं दार उघडून धरलं.

पाहुण्यांतला म्हातारा चक्रावून म्हणाला, "ही गाडी उलटी का आली?"

नाना त्याच्याकडे कीव आल्यासारखे बघत म्हणाले, "उलटी? पाव्हणं, घर दारानंच येतंय. का तुमच्या खानापुरात लोकांकडं पाठ करून येतंय?"

*

लग्न त्याच अंगणात झालं. शेवंतीनं माप ओलांडलं ते घरगाडीच्या दारात, आणि माहेरचा उंबरा तिथून चार हातांवर. पण गाडी काही हलेना. मागं नानांचं घर आणि पुढं जायला गिअर नाही!

ताप उतरल्यावर मेस्त्री जॅक आणि हत्यारं घेऊन आस सरळ करायला गेला. मीही गेलो. मला नानांची काळजी वाटत होती. घरजावई म्हटलं तर अंगावर येणारा माणूस, आणि त्याच्या अंगणात जावई घरासकट बसलेला!

शेवंती ओट्यावर भाकरी थापत होती. "मेस्त्रीमामा, च्या घ्या आधी," ती म्हणाली. "घाई काय हाय?"

मेस्त्री चहा पिऊन जॅक लावायला खाली वाकला आणि थबकला. मला हाक मारली. मी पुढं जाऊन बघितलं. घरगाडीच्या पुढच्या बंपरला नवं कोरं दावं बांधलं होतं, बैलाला बांधतात तशी गाठ मारून. दुसरं टोक गोठ्याच्या खुंट्याला.

मेस्त्रीनं दाव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नाना सोप्यावर पान जुळवत बसले होते, मान वर न करता.

"नाना," मेस्त्रीनं विचारलं, "घराला दावं कशाला बांधलंय?"

नानांनी पानाला चुना लावला.

"चालणारं घर हाय बाबा," ते म्हणाले. "बसल्याल्याला कोण बांधतंय?"