तो ‘बरं’ म्हणाला आणि गेला

पालघरला त्या उन्हाळ्यात तंबूतला सिनेमा आला आणि मी एकच चित्रपट तीनदा पाहिला. पुढे काय होणार हे तिसऱ्या खेपेला मला पाठ होतं. खरं सांगायचं तर पहिल्या खेपेलाही होतं. मुलगी नाही म्हणणार, मुलगा हसणार, गाणं म्हणत तिच्यामागे डोंगर चढणार, मध्यंतराला गैरसमज, शेवटी गळ्यात हार. तरी ही अठरा वर्षांची शहाणी गालात चिंच धरून शाळेचा धडा असल्यासारखी बघत बसायची. नुसतं बघून थांबली असती तर ठीक. ती धडा गिरवायला गेली.

आमचं घर केळव्याला, समुद्राकडच्या आळीत. वडील होडीवर, आई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकल्या की लग्नाच्या बोलण्यांना ऊत यायचा, कारण नारळी पौर्णिमेनंतर पुरुष घरात सापडतात कुठे? अशाच एका दुपारी एडवणचं स्थळ आलं. मुलाला मी ओळखत होते. म्हणजे बंदरावर जाळं शिवताना चोरून पाहिलं होतं आणि मनातल्या मनात केव्हाच होकार देऊन टाकला होता.

चहा झाला. त्याची आई म्हणाली, "पोरीला इचारा. मागाहून कुरकुर नको."

तो मागीलदारी आला. मी भांड्यांपाशी होते.

"मी पसंत हाय का तुला?" एवढंच त्याने विचारलं.

मी वेणी पुढे घेतली, मान वेळावली आणि म्हणाले, "नाय."

मग चालू लागले, हळूहळू, थेट त्या नायिकेसारखी. केळीपर्यंत बारा पावलं. मागून हसणं यायला हवं होतं, गेलाबाजार खाकरणं तरी. आलं ते एवढंच, "बरं." वळून पाहते तो दारात कोणी नाही. आत तो सांगत होता, "ती नाय म्हणते." त्याच्या आईने आणलेला नारळ परत पिशवीत टाकला.

चार दिवस मी रस्त्याकडे कान लावून बसले. नायक उशिरा येतो, पण येतो, हे तीनदा पाहिलेलं. रस्त्याने शेळ्या गेल्या, पोस्टमन गेला. वडील "नको तर नको" म्हणाले, तेही इतक्या समजूतदारपणे की मला रडू फुटलं. चौथ्या संध्याकाळी आईने बातमी आणली, "सातपाटीची पोरगी बघितली त्यांनी. परवा सुपारी फोडतात."

मधे एकच दिवस होता, बाजाराचा. मी न सांगता पाटी उचलली आणि आईबरोबर गेले.

त्याची आई आमच्यापासून चार बायका सोडून बसलेली, सुक्या बोंबलांचे वाटे लावत. मी दोनदा उठले, दोनदा बसले. तंबूत मला कधी प्रश्न पडला नव्हता, की मध्यंतरापासून शेवटापर्यंत ही माणसं एक वाक्य बोलून का टाकत नाहीत. आता ते एक वाक्य बोलायची पाळी माझ्यावर आली होती. गिऱ्हाइकं पांगली. परतीच्या गाडीची वेळ झाली. तिने रिकामी पाटी डोक्यावर घेतली, आणि मी धावले.

"मावशी, मी नाय म्हणाले ते खरं नव्हतं."

"मग काय होतं?"

"सिनेमातलं होतं."

बाजूच्या बायका खो खो हसल्या. ती हसली नाही.

"माझा पोरगा चार दिवस जेवला नाय नीट, आन तुला शिनेमा? तिकडं निरोप गेलाय माझा."

"फिरवता नाय येणार?"

"त्या पोरीच्या आईला काय सांगू, हिरवीण रुसली होती म्हणून?" जाता जाता थांबून म्हणाली, "त्यालाच इचारीन. पण तो हो म्हणाला तर ते खरं हो, की तुझ्यासारखं, ते मला कसं कळायचं?"

मी गाडीत आईशेजारी बसले. आईने घरापर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सुपारीच्या दिवशी, दुपार टळली तरी काही कळेना. सुपारी फुटली असेल, असं मी धरूनच चालले होते. तेवढ्यात तो अंगणात येऊन उभा राहिला. मागीलदारी नाही, वडिलांसमोर.

"मी एकदाच इचारतो. पसंत हाय का?"

"हो!" मी अशी ओरडले की कुडाआडून शेजारीण म्हणाली, "ऐकलं गो बाय, आमी पण ऐकलं."

सिनेमात दुसरी मुलगी शेवटच्या रिळात कुठे जाते, कोणी विचारत नाही. आमची ती सातपाटीची पुढे बाजारात माझ्याच शेजारी बसायची. तिलाही चांगलं घर मिळालं, पण माझं गिऱ्हाईक दिसलं की मोठ्याने हाक मारून स्वतःकडे वळवायची. मी कधी भांडले नाही. कुठल्या तोंडाने भांडणार?

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात तंबू पुन्हा आला. चित्रपट दुसरा, गोष्ट तीच. नायिकेने मान वेळावली, नाही म्हणाली. आमचे हे उठून पायाने चपला चाचपू लागले.

"कुठं?"

"घरी. ती नाय म्हणाली ना? झालं."

मागचे ओरडले, "बसा की खाली!" मी सदरा ओढून बसवलं. शेवटपर्यंत पाहिला. तो नायक एकदाही ‘बरं’ म्हणाला नाही, मेला.