ओसरीच्या खुंटीवरचे बूट

चैत्राच्या उन्हानं ओसरी तापली, की खुंटीला टांगलेल्या त्या बुटांचा वास सुटायचा. नव्या चामड्याचा, थोडा रबराचा, थोडा दवाखान्याचा असा तो वास ज्वारीच्या पोत्यांच्या धुळकट गंधात मिसळून थेट चुलीपाशी यायचा, आणि भाकरी थापणारी आई हात थांबवून क्षणभर खुंटीकडं बघायची. तांबूस चामड्याचे, पोटरीपर्यंत चढणाऱ्या पट्ट्यांचे, चकचकीत बकलांचे बूट... आमच्या उभ्या गल्लीत तसा जोड कुणाच्या पायात नव्हता. ज्याच्यासाठी तो केला होता, त्या आमच्या दत्तूच्या पायातही नव्हता.

दत्तू माझा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा तो बराच वेळ रडला नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं; मेंदूला इजा झाली, म्हणून हातपाय ताठरले, हे शहाणे शब्द फार उशिरा आमच्या घरी आले. त्याचे गुडघे एकमेकांना घट्ट बिलगलेले, टाचा जमिनीला न टेकणाऱ्या, मुठी आवळलेल्या. बोलणं अडखळत, लांबत यायचं, पण घरातल्यांना त्यातलं अक्षरन् अक्षर कळे. स्वभाव मात्र पाटलाचा. ओसरीवर गोधडीच्या वळकटीला टेकून तो येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करी, आणि कुणी उत्तर न देता पुढं गेलं तर दिवसभर धुसफुसत बसे. आई कोमट करडईच्या तेलानं त्याचे पाय चोळायची. त्या तेलात ओवा नि लसूण कडकडवलेला असे, त्यामुळं दत्तूच्या जवळ गेलं की नेहमी फोडणीचा वास यायचा. वय वाढलं की चालंल आपोआप, असं गल्ली म्हणायची. आम्हीही तेच म्हणत राहिलो.

मग गावात येणाऱ्या नर्सबाईंनी सांगितलं म्हणून आप्पा, म्हणजे आमचे वडील, त्याला खांद्यावर घेऊन धाराशिवच्या दवाखान्यात नेऊ लागले. एसटीच्या पाटीवर तेव्हा उस्मानाबाद लिहिलेलं असे आणि बसणारा प्रत्येकजण कंडक्टरकडं तिकीट धाराशिवचं मागत असे. शाळेला सुट्टी असली की मीही जाई. एका लांबट खोलीत व्यायाम करून घेणाऱ्या म्याडम होत्या, तरुण, सदा घामेजलेल्या. आणि दाराबाहेर लांबलांबच्या गावांहून आलेल्या आया, प्रत्येकीच्या कडेवर आता कडेवर न मावणारं लेकरू. खोलीत फिनेलचा वास, एक भला मोठा लाल चेंडू, आणि भिंतीला माणसाएवढा उंच आरसा. म्याडमनी दत्तूला दोन दांड्यांच्या मधे धरून पहिल्यांदा उभं केलं आणि त्यानं समोर पाहिलं... स्वतःला उभं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तो इतका हसला की गुडघे वाकले आणि त्याला पुन्हा सावरावं लागलं. परतताना येडशीच्या जंगलापाशी खिडकीतून गार वारा आला, तरी त्याच्या तोंडी एकच – "तायडे, आरशातला दत्तू लई उंच हाय."

म्याडमनी दर आठवड्याला बोलावलं होतं. पण सोयाबीनची काढणी आली की आठवडा हुकायचा. तूर, हरभरा, ज्वारी – रानातलं एकेक काम आपापला आठवडा खाऊन जाई. तरी बुटांचं माप द्यायला आप्पा हातातलं काम टाकून गेले. पायावर ओलं प्लॅस्टर लावून साचा घेणाऱ्या माणसाला ते अजिजीनं म्हणाले, "जरा दोन बोटं मोठंच करा. वाढत्या अंगाचं लेकरू हाय." तो माणूस हसला. "दादा, हा काय शाळेचा गणवेश न्हाय. मापालाच बसाया पाहिजे." बूट हातात आले त्या दिवशी म्याडमनी बजावलं, की रोज घालायचे, जितका जास्त वेळ तितकं बरं, पाय सरळ राहिला तरच पोरगा पुढं उभा राहील. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि घरी आल्यावर उंबऱ्यापाशी सगळं अडलं. आमचं घर दीड खोलीचं. चूल तिथंच, धान्याची कणगी तिथंच, आणि चुलीशेजारच्या कोनाड्यात देव. त्या सारवलेल्या जमिनीवर पायताण? आप्पांच्या वहाणा ओसरीच्या खाली राहत, पाहुण्यारावळ्यांच्याही. आईनं बूट पदरानं पुसले आणि ओसरीच्या खुंटीला लावले. बाहेर जाताना घालू, म्हणाली. पण दत्तू बाहेर जाई तो आप्पांच्या खांद्यावर, आणि खांद्यावर बसणाऱ्याला बूट कशाला... अंगणात सरपटताना घालावे, तर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा. एवढी देखणी वस्तू मातीत घालायला तिचा जीव होईना. दवाखान्यात कुणी विचारलं नाही की घरात चूल कुठं आणि देव कुठं. आणि ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं आईला वाटलं नाही. मला अजून राग येतो, पण तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

मग आईनंच मुहूर्त ठरवला – येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा. चैत्री पुनवेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून आमराईकडं निघते, तेव्हा वाटेतल्या चुन्याच्या रानात माणसं वाकवाकून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात आणि पालखीवर वाहतात. दत्तूनं त्या रानात आपल्या पायांवर उभं राहून खडा वाहावा, असं ती देवीला बोलली होती. "आई, बूट कवा?" असं तो विचारी. "यात्रंला घालू, राजा," ती म्हणे. तो शहाण्यासारखा मान हलवी आणि खुंटीकडं बघत बसे.

यात्रेला गेलो तेव्हा चुन्याच्या रानाच्या कडेला, बाभळीच्या विरळ सावलीत आप्पांनी पिशवीतून बूट काढले. हवेत हळदीकुंकवाचा, घामाचा, ठेचलेल्या गवताचा वास. लांबून हलग्या वाजत होत्या. आईनं दत्तूचा पाय हातात घेतला. टाच बुटात उतरेना. पाय वाढला होता, आणि घोटा असा ताठ झाला होता की तो वळवणं कुणाच्याच हातात राहिलं नव्हतं. तिनं पट्ट्या सैल केल्या, तेलाचं बोट लावलं, पुन्हा पाहिलं. दत्तू ओठ दाबून गप्प होता – रडलो तर बूट परत पिशवीत जातील, म्हणून. शेवटी आप्पाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. दुखतंय त्याला."

त्यांनी त्याला अनवाणीच खाली बसवलं. तो कोपरांवर सरपटत गेला, आणि बराच वेळ झटून त्यानं एक खडा मुठीत धरला. तेवढ्यात 'आई राजा उदो उदो'चा गजर उठला. आप्पांनी त्याला उचलून उंच धरलं. "टाक, दत्तू. टाक बाळा," आई म्हणत होती. पण घाई झाली की त्याचं अंग अधिकच ताठरे, मूठ उघडेना. आई एकेक बोट सोडवत राहिली आणि पालखी माणसांच्या डोक्यांवरून पुढं निघून गेली. मूठ उघडली ती परतीच्या गाडीत, तो झोपल्यावर. खडा आईच्या मांडीवर पडला.

पुढच्या खेपेला म्याडमनी पाय पाहिला, मग बूट उलटे करून पाहिले. तळ कोरे होते.

"मावशी, घरात घालत नव्हता का?"

"घरात पायताण कसं घालायचं, म्याडम? देव हायेत."

म्याडम आईशेजारी सतरंजीवर बसल्या. "हे पायताण नाही, मावशी. औषध आहे हे. मी तुम्हाला तसं सांगायला हवं होतं."

आईनं बूट उचलून मांडीवर घेतले. आता आधी ऑपरेशन, मग नवं माप, असं त्यांनी समजावलं; मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नाव लावून दिलं. तारीख येण्याआधी हिवाळा आला. दत्तूच्या छातीत कफ भरला आणि त्याला नीट खोकताही येत नसे. धाराशिवच्या वाटेवर, येडशीच्या अलीकडं, तो आप्पांच्या मांडीवर गेला. आम्ही त्याला सांभाळू शकलो नाही... याहून साधं वाक्य मला अजून सापडलेलं नाही.

आता घरात फरशी आहे, चुलीच्या जागी गॅस आहे, आप्पा थकलेत. मी लग्नानंतर धाराशिवातच राहते. त्या दवाखान्यावरून जाताना बाहेर उभ्या असलेल्या आया दिसतात आणि माझी चाल आपोआप मंदावते. ओसरीची खुंटी रिकामी आहे. दत्तूचा तेरावा झाला त्या संध्याकाळी आईनं बूट खाली काढले, ओल्या फडक्यानं पुसले आणि उंबरा ओलांडून आत आणले. देवाच्या कोनाड्याखाली ते अजून आहेत, आणि डाव्या बुटात तो चुनखडीचा खडा.

यंदा संक्रांतीला मी माहेरी होते. शेजारची नवी सून हळदीकुंकवाला आली, बूट बघून बिचकली. "काकू, देवापाशी पायताण?"

आईनं तिला आधी कुंकू लावलं, तिळगूळ दिला.

"पायताण न्हाय ते, बाई," ती म्हणाली. "औषध हाय. घरातच घालायचं असतं."