माझ्या बापाची माफी

"बाबा, चप्पल खाली काढा. कार्पेट आहे."

सर माईकवर म्हणाले. हसत म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या पायात काळे चकचकीत बूट होते आणि ते त्याच कार्पेटवर उभे होते. माझा बाप पायरीशी थांबला. शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या चपला त्यानं काढल्या, नीट कडेला ठेवल्या आणि अनवाणी स्टेजवर चढला.

पनवेलमधला हॉल. एसी लावलेला. पुढच्या रांगेत जागेचे व्यवहार करणारे, बिल्डरांची मुलं, दोन-तीन डॉक्टर. कार्यशाळेचं नाव 'थोरांकडून यशाचे धडे'. मी कोपऱ्यात लॅपटॉपपाशी बसलेली.

सरांनी बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "हे कातकरी. वीटभट्टीवरचे मजूर. ह्याच बापानं दारूच्या नशेत लेकीची पुस्तकं भट्टीत टाकली होती. तीच लेक आज माझी असिस्टंट आहे. बाबा, आज सगळ्यांसमोर तिची माफी मागा. मन मोकळं होईल."

माझ्या बापानं जन्मात दारूला तोंड लावलेलं नाही.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीनवर बघण्यासारखं काही नव्हतं.

बापानं हात जोडले. "चुकलो," म्हणाला.

टाळ्या. बायका डोळे पुसत होत्या. फोन वर झाले होते, शूटिंग चालू होतं. सरांनी त्याच्या अंगावर शाल घातली आणि मला खूण केली, पुढची स्लाइड. मी पुढची स्लाइड लावली.

हे मी केलं. म्हणून आधी हेच सांगितलं.

आमची वाडी कर्नाळ्याच्या अंगाला, डोंगराच्या कडेला. दिवाळी झाली की वाडी रिकामी व्हायची. माणसं, पोरं, कोंबड्यांसकट सगळे भट्टीवर. मी सात वर्षांची होते तेव्हा मुकादम बापाला म्हणाला, पोरगीला पण आण, विटा पलटायला लहान हात बरे. बाप म्हणाला, "ती नाय येनार. ती शालंत जानार." मुकादमानं सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. बाप परत तेच म्हणाला. मग मला आश्रमशाळेत ठेवून आई-बाप भट्टीवर गेले.

महिन्यातून एकदा तो चालत यायचा. फडक्यात रानातले कंद, उकडलेले करांदे, बांधून आणायचा. फाटकाच्या आत यायचा नाही. पाय मातीनं लाल असायचे, गुरुजींची ओसरी खराब होईल म्हणायचा. मी फाटकाशी उभी राहून खायचे आणि मोठ्यानं धडा वाचून दाखवायचे. त्याला वाचता येत नाही. तरी पुस्तकात बघत राहायचा.

अशा माणसाला मी दारुडा केलं.

बारावीनंतर कॉम्प्युटर शिकले. खांदा कॉलनीत सरांच्या ऑफिसात नोकरी मागायला गेले. त्यांनी दाखला बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "कातकरी? वाटत नाहीस."

मला ते कौतुक वाटलं. घरी जाताना मी मनात ते दोनदा-तीनदा म्हणून बघितलं. वाटत नाहीस. आज आठवलं की स्वतःचीच किळस येते.

काम होतं स्लाइड बनवायचं. थोर माणसांचा फोटो, खाली एक धडा. सावित्रीमाईंच्या फोटोखाली मी लिहिलं होतं: अंगावर शेण टाकलं गेलं तरी त्या शाळेत गेल्या, कारण शूद्र-अतिशूद्रांच्या मुली शिकायला हव्या होत्या. सरांनी वाचलं. "जात काढ. हॉलमध्ये सगळ्या प्रकारचे लोक असतात. कशाला कुणाला दुखवायचं?" मी काढली. लिहिलं: निगेटिव्ह लोकांकडे लक्ष देऊ नका. महाडच्या तळ्याचंही तसंच. पाणी कुणी बंद केलं होतं, कुणाला बंद केलं होतं, ते गेलं. उरलं: संधी दिसली की पहिलं पाऊल तुम्ही उचला. बाबासाहेबांच्या फोटोखाली ते मी निळ्या अक्षरात टाकलं. रंगसंगती चांगली जमली म्हणून सर खूष झाले.

मग एक दिवस म्हणाले, तूही बोल स्टेजवर. वीटभट्टी ते लॅपटॉप. मी घडलं तसं लिहून नेलं.

"ह्यात विलन कुठाय?" त्यांनी विचारलं.

"मुकादम, सर."

"मुकादम नको. भट्टीवाले आपल्या बॅचला येतात. बापाला कर. दारुडा."

"सर, माझे वडील पीत नाहीत."

"अगं, कोण बघायला जातंय? तुमच्यात सगळे पितातच."

 मी कीबोर्ड ओढला आणि टाईप केलं. पुस्तकं भट्टीत टाकल्याची कल्पना तर माझीच. सर नुसते 'काहीतरी हलवून टाकणारं दे' म्हणाले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

वर्षभर ती गोष्ट मी सांगितली. पुढं पुढं तर योग्य जागी आवाज कापरा करता यायला लागला. लोक येऊन हात हातात घ्यायचे. म्हणायचे, एवढ्या घाणीतून वर आलीस. मी मान डोलवायचे.

बापाला स्टेजवर आणायचं सरांनी ठरवलं तेव्हा मी नाही म्हणू शकत होते. घरी जाऊन मी एवढंच सांगितलं, सत्कार आहे. मी धरून चालले होते, हॉलमधलं बोलणं त्याला कळणार नाही.

त्याला सगळं कळलं होतं.

 परतताना रिक्षात त्यानं शाल घडी करून मांडीवर ठेवली होती. पळस्प्याच्या पुढं गेल्यावर म्हणाला, "मी नाय बोललो आसतो तर तुजी नोकरी गेली आसती ना?"

मी हो म्हणाले.

"म्हनून बोललो." मग म्हणाला, "पन बुकं मी कवा जाळली? मना आठवत नाय. तू बारकी आसताना काय झाला का?"

माझ्यावर विश्वास ठेवून तो स्वतःच्या आठवणीवर शंका घेत होता. मी खोटं बोलेन हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्या रिक्षात मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं आणि बाहेर बघत बसला. रागावला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या कार्यशाळेआधी मी स्लाइड तपासत होते. एकामागून एक थोर माणसं, एकालाही जात नाही. शेवटची स्लाइड माझी. तिच्यावर मोठ्या अक्षरात: कातकरी वाडीतली मुलगी. ज्यांनी जातीशी जन्मभर झुंज दिली त्यांच्या फोटोखालची जात मी पुसली होती, आणि टाळ्यांसाठी माझी तेवढी ठेवली होती. हे डोळ्यांसमोर वर्षभर होतं. त्या दिवशी वाचलं.

माझी बोलायची पाळी आली. मी माईक घेतला.

"माझे वडील दारू पीत नाहीत. त्यांनी माझी पुस्तकं जाळली नाहीत. मला शाळेत ठेवलं म्हणून त्यांनी मुकादमाचा मार खाल्ला. मी इथं वर्षभर खोटं सांगितलं."

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "मग ह्यात प्रेरणा काय?"

सर पुढं आले, माईकला हात घातला. "आज जरा इमोशनल झाल्यात मॅडम."

मी माईक सोडला नाही. "सावित्रीमाईंवर शेण टाकणारे निगेटिव्ह लोक नव्हते. त्यांना मुलींनी शिकायला नको होतं, त्यातून खालच्या जातीच्या मुलींनी तर नकोच. महाडला पाणी माणसांनी माणसांना बंद केलं होतं. ते मी स्लाइडवरून काढलं. सरांनी सांगितलं, पण हात माझे होते."

आवाज बंद झाला. मागून कुणीतरी वायर काढली होती.

सरांचा मेसेज आला, तुला आम्ही घडवलं. त्या दिवसानंतर मी ऑफिसात गेले नाही.

पण हे सगळं बोलून बापाचं काही परत आलं नाही. 'चुकलो' म्हणतानाचा तो व्हिडिओ फिरतोच आहे. ह्या हंगामात भट्टीवर एका ड्रायव्हरनं फोन त्याच्या तोंडासमोर धरला. "तूच ना हा, बुकं जाळनारा?" बाप विटा रचत राहिला. हे मला आईनं सांगितलं. 

मी त्याची माफी मागितली. "जाव दे," म्हणाला. पण त्यानं 'जाव दे' म्हटलं म्हणून मी सुटत नाही, आणि त्यानं एकट्यानं गिळायचंही नाही.

मी तक्रार लिहिली आहे. जातीवरून भर सभेत अपमान केला, खोटं सांगून माफी मागायला लावली, त्याचं चित्रण पसरवलं. बापाला वाचून दाखवली. कुणी काय केलं ते ओळीनं आहे. सरांचं नाव आहे. त्यांच्या खाली माझं.

"तुजा कशाला?" त्यानं विचारलं.

"मी केलं म्हणून."

 त्यानं सहीसाठी अंगठा पुढं केला.

वकीलबाई म्हणतात, स्वतःचं नाव काढा, केस कमजोर होईल. मी काढणार नाही. आजवर सांगतील ते पुसत आले. उद्या सकाळी कागद घेऊन पोलीस ठाण्यात जाणार आहे. नोंद होईपर्यंत तिथून उठणार नाही.