सुई की छेद

बायकोलाही हे ठाऊक नाही. आज पहिल्यांदाच तोंडातून काढतोय.

मी सुरतेतल्या मराठी शाळेत मास्तर. डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत कुणाला पत्र आलं, कुणाला फॉर्म भरायचा असला, की मलाच हाक यायची. मला ते आवडायचं — फारच आवडायचं. मला शिकवलं ते दादाने, माझ्या थोरल्या भावाने, कापडाच्या लूमवर बारा-बारा तास उभं राहून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या कमरेतल्या मणक्याची गादी सरकली. डाव्या पायात अशी कळ उठायची की तो भिंत धरून उभा राही.

डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं आणि शिकलेल्या माणसाला आत बोलावलं. आत कोण जाणार? मीच.

स्कॅनची फिल्म उजेडावर लावून ते अर्धं गुजराती, अर्धं इंग्रजी, भराभर बोलले. दोन उपाय होते. एक, जाड सुई घालून गादीतला गर ओढून घ्यायचा — टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी. दुसरा, इंचभर छेद घेऊन, सूक्ष्मदर्शकातून बघत, शिरेवर दाबणारा तुकडाच काढायचा. इथवर मला समजलं. मग पेन्सिल फिल्मवर फिरू लागली. तुकडा तुटलाय, की नुसता फुगलाय? सुई तिथे पोचते, की नाही? दोनांतला एक उपाय दादाच्या कामाचा नव्हता, एवढंच कळलं. कुठला — ते निसटलं.

“समज पडी ने, मास्तर?” डॉक्टरांनी विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली. वर्गात रोज सांगायचो, समजलं नाही तर हात वर करा, लाज कसली? आणि माझा हात? तो मांडीवर गप्प पडून होता.

बाहेर बाकावर दादा आणि वहिनी. “काय सांगं डॉक्टरनी?” दादाने विचारलं. मी म्हणालो, सुईच करा म्हणताहेत. सुई हा शब्द लहान वाटला म्हणून असेल. “तू सांगशी तसंच करसूत,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला.

पण थांबा — एवढंच असतं तर मी अडाणी ठरलो असतो, खोटा नाही. खरं अजून सांगायचंय.

मी परत आत जाऊन सांगितलं, पेशंटला सुईच हवी आहे. डॉक्टरांनी मान वर केली. म्हणाले, सुईचा उपयोग होण्याची आशा कमी आहे, हे त्यांना नीट सांगितलंत ना? तरी तेच म्हणतात?

म्हणजे कुठला उपाय कामाचा नाही, ते तेव्हा मला कळलं. दादा दाराच्या पलीकडे होता — चार पावलांवर. मी म्हणालो, हो साहेब, सगळं सांगितलं.

बाहेर जाऊन ‘माझं चुकलं’ म्हणणं इतकं जड होतं का? मला होतं.

सुईने काहीच झालं नाही. महिन्याभरात त्याच्या डाव्या पायाची बोटं उचलेनात. शेवटी छेद घ्यावाच लागला. कळ गेली, पाऊल मात्र लुळं पडलं ते पडलंच. आधीच छेद घेतला असता तर वाचलं असतं का? हेही मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटली. दादाचं लूम सुटलं. आता तो पर्वत पाटिया भागातल्या एका दुकानात बसून साड्यांच्या घड्या घालतो. चालताना डावी चप्पल फरफटते. तो आवाज मला जिन्यावरूनच ओळखू येतो.

गेल्या महिन्यात वहिनीची कंबर धरली. दादा फाइल घेऊन माझ्याकडेच आला. मी डॉक्टरांकडून एकेक गोष्ट तीन-तीनदा समजून घेतली, कागदावर लिहून घेतली, बाहेर येऊन दोघांना वाचून दाखवली. दादा वहिनीला कौतुकाने म्हणाला, “दख, कसा खोदी खोदी इचारस. मन्हा टाइमलेबी असंच इचारेल व्हतं त्यानी.”

मी कागदाची घडी घातली. रिक्षा दारापर्यंत आणायला गेलो, कारण दादाला लांब चालवत नाही.